फुगा की छोटं विमान? शिवार वरून बघायचंय

निळाई
नमस्कार मंडळी,
आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. समारंभ नको, असं दोघांनी आधीच बजावून ठेवलंय. बाबांची मात्र एक जुनी हौस आहे. ज्या जमिनीवर आयुष्यभर चाललो ती एकदा वरून बघायची. मोठ्या विमानातून बघून झालीय, पण दहा-अकरा किलोमीटरवरून काय, नुसती ठिगळांची गोधडी! त्यांना बांध, ओढे, विहिरी, झाडांच्या सावल्या ओळखू यायला हव्यात.

दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. गरम हवेचा फुगा, नाहीतर चार आसनी विमान भाड्याने घेऊन तासाभराची चक्कर. जाणारे आम्ही चौघं: आई (७३, मागच्या वर्षी गुडघा बदललाय), बाबा (७६, ठणठणीत, पण ऐकू कमी येतं), भाऊ (वजन विचारू नका) आणि मी. कुणी दोन्ही केलंय का? काय निवडावं? आणि पहिल्यांदा जाणारे कोणती गोष्ट विचारायला विसरतात आणि मग पस्तावतात?

उंटावरून_शेळ्या
विचारू नका म्हणालात तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारतील. :D
रुमाल टाकून ठेवतो, धागा रंगणार.

उजवी_सीट
थट्टेत म्हणालात, पण खरंय. मी हौशी वैमानिक, सेस्ना १७२ हे चार आसनी छोटं विमान उडवतो. विमानापुरतं सांगतो.

निळाई, आधी माणसं मोजा. चार आसनी म्हणजे पायलट धरून चार. तुम्ही चौघं आणि पायलट, पाच झाले. म्हणजे सहा आसनी विमान शोधा, नाहीतर दोन फेऱ्या करा.

त्यात चार सीटा आहेत म्हणून चार धडधाकट माणसं बसतीलच असंही नाही. १७२ च्या नव्या मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमानच पावणेआठशेच्या आसपास. टाक्या काठोकाठ भरल्या की दोनशे लिटर, म्हणजे १४५ किलो इंधन. उरले साधारण २४० किलो, आणि त्यात पायलटही आला. म्हणून आम्ही टाक्या भरतच नाही. तासाला ३०-३५ लिटर जातं, तेव्हा तासाभराच्या चकरेला राखीव धरूनही अर्धं इंधन पुष्कळ होतं. पण हा हिशोब पायलटला आदल्या दिवशी करायचा असतो. त्यामुळे मनातलं वजन सांगू नका, काट्यावरचं सांगा. बूट आणि कॅमेऱ्याच्या पिशवीसकट.

आणि दुपार नको. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचीही ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते. शिवाय उन्हाने जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि विमान खडीच्या रस्त्यावरून चालल्यासारखं हादरत राहतं. आईंना सकाळी सकाळीच न्या.

तिरकी_रेघ
माझं मत स्पष्ट आहे. फुगा म्हणजे उडणं नव्हे, वाहवत जाणं. वारा नेईल तिकडे जायचं, त्यात नियोजन कसलं? बाबांना स्वतःचं शिवार बघायचंय ना? मग विमान. विषय संपला.

जमिनीवरचा
विषय कसा संपेल, आत्ता तर सुरू झालाय.

मी सहा वर्षं फुग्याच्या ग्राउंड क्रूमध्ये होतो. म्हणजे फुगवायला मदत करायची, मग गाडी घेऊन मागे पळायचं आणि उतरला की गुंडाळून पोत्यात भरायचा. स्वतः वर मोजून नऊ वेळा गेलोय.

फुग्याला सुकाणू नसतं हे खरं. पण वारा सगळ्या उंचीवर एकाच दिशेने वाहत नाही. उत्तर गोलार्धात वर जावं तसा तो बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो, दरीखोऱ्यात तर वेगळेच खेळ. पायलट वरखाली करून हवी ती दिशा पकडतो. सकाळी आम्ही आधी हेलियमचा छोटा फुगा सोडायचो, त्याला पायबॉल म्हणतात. तो कुठल्या उंचीवर कुठे वळतो हे टक लावून बघायचं. अमेरिकेत अल्बुकर्कीला तर खालचा वारा एकीकडे आणि वरचा बरोबर उलट असा योग बऱ्याचदा जुळतो. खालच्याने जायचं, वरच्याने परतायचं आणि निघालो त्याच्या आसपासच उतरायचं. तिथले लोक त्याला 'बॉक्स' म्हणतात. पण हे सगळीकडे मिळत नाही, हेही सांगतो.

तेव्हा फुग्याचं नियोजन म्हणजे निघायची जागा ठरवणं नव्हे. उतरायच्या जागा ठरवणं. वारा १० नॉट असेल तर तासाभरात साडेअठरा किलोमीटर जाणार. त्या दिशेला एवढ्या अंतरावर मोकळी, कापणी झालेली, विजेच्या तारा नसलेली, गाडी पोचेल अशी शेतं आहेत का? नसतील तर तिथून निघायचंच नाही. वाऱ्याची दिशा बदलली तर आम्ही निघायची जागा बदलायचो. म्हणून चांगला चालक (म्हणजे फुग्याच्या सहली चालवणारा) तुम्हाला आदल्या दिवशी नक्की ठिकाण सांगतच नाही, 'रात्री फोन करतो' म्हणतो.

निळाई
वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे बाबांना 'आपल्याच शेतावरून' हवं असेल तर फुग्याचा भरवसा नाही?

जमिनीवरचा
नाही. कुणी हमी देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

उंटावरून_शेळ्या
थोडक्यात, विमान म्हणजे रिक्षा आणि फुगा म्हणजे सासरेबुवांसोबतची सहल. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, 'वा, छान' म्हणायचं.

शून्य_अंश
हसून हसून पुरेवाट. माझे सासरे याच धाग्यावर वाचनमात्र आहेत.

तिरकी_रेघ
एक अनुभव सांगतो. पहाटे साडेतीनला उठवलं, तासभर गाडीने नेलं. मैदानावर पोचलो तर झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळ निरभ्र. आणि चालक म्हणतो, आज वारा जास्त आहे, रद्द! पैसे परत मिळाले, पण झोप कोण परत देणार? माणसं कमी आली असणार, म्हणून रद्द केलं, असं मला आजही वाटतं. नाव घेत नाही.

जमिनीवरचा
तिरकी_रेघ, रागावू नका, पण त्या चालकाने तुमची हाडं वाचवली असण्याची शक्यता बरीच आहे.

निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, तिच्यालगतची हवाही गार होऊन तळाशी बसते. वरची हवा त्या मानाने उबदार. हा थर झाकणासारखा काम करतो. खाली चिडीचूप आणि तीनशे मीटरवर २५ नॉटचा वारा सुटलेला, असं सर्रास होतं. ऊन चढलं की झाकण फुटतं आणि वरचा वारा खाली येतो. नेमका कधी? तुम्ही उतरायला आलेले असता तेव्हा. फुग्याला ब्रेक नसतात. वाऱ्याचा जो वेग, तोच उतरण्याचा वेग. निघताना पान हललं नाही हे महत्त्वाचं नाही, दीड तासानंतर काय होणार ते महत्त्वाचं.

म्हणूनच उड्डाणं सूर्योदयानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत, किंवा काही ठिकाणी सूर्यास्तापूर्वीच्या. जमिनीवर ८-१० नॉटपेक्षा जास्त वारा असेल तर शहाणा पायलट प्रवासी घेत नाही.

तिरकी_रेघ
हं. हे तेव्हा तिथे कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लंबक
थोडं गणित, कारण वजनाचा विषय निघालाच आहे. समुद्रसपाटीला १५ अंशांना एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. १०० अंशांना तीच ०.९४६. फरक सुमारे २८० ग्रॅम. तेवढीच उचल. ३००० घनमीटरचा फुगा (मध्यम म्हणायचा) घेतला तर ८४० किलो. यातूनच कापड, टोपली, बर्नर (आतली हवा तापवणारी गॅसची शेगडी), गॅसच्या टाक्या, पायलट आणि तुम्ही.

आता बाहेरची हवा ३० अंश करा. तोच फुगा, आत तेच १०० अंश, पण उचल ६५५ किलोवर येते. जवळजवळ १८५ किलो गेले, म्हणजे अडीच माणसं. (अर्धा माणूस कुठला सोडायचा ते शेळ्यांनी ठरवावं.) आत आणखी तापवून भरून काढावं म्हटलं तर कापडाला मर्यादा आहे, नायलॉन आहे ते. थंडीतली पहाट का निवडतात याचं निम्मं उत्तर हे.

उंटावरून_शेळ्या
वरचा अर्धा चालेल, फोटोत तेवढाच येतो.

बांधावरची
सगळे वरून बोलताहेत, मी खालून बोलते.

आमच्या शेतात दोन वर्षांपूर्वी फुगा उतरला होता. उभ्या पिकात. फुग्याने फार नाही तुडवलं, पण मागून आलेल्या गाडीने आणि धावत आलेल्या बघ्यांनी अर्धा पट्टा झोपवला. गोठ्यातल्या म्हशी बर्नरच्या आवाजाने बिथरल्या, एकीने दावं तोडलं. फाटक उघडं टाकून मंडळी फोटो काढत बसली. 'सॉरी हं काकू' म्हणाले आणि गेले. नुकसानीचं विचारलं तर म्हणे कार्यालयात फोन करा.

तुम्ही जाल तेव्हा चालकाला एवढं विचारा, की तुम्ही ज्यांच्या जमिनीत उतरता त्यांच्याशी बोलून ठेवता का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा.

तिरकी_रेघ
बांधावरची, सहमत आहे, पण एक बाजू अशीही की गॅस संपत आला, समोर तारा आल्या, तर पायलट परवानगी विचारत बसणार का?

बांधावरची
नाही बसणार, आणि तसं झालं तर मी स्वतः पाणी आणून देईन. पण उतरल्यावर फाटक लावायला कुठला गॅस लागतो?

जमिनीवरचा
बांधावरची, शंभर टक्के बरोबर. आमच्या गाडीत नकाशा असायचा, त्यावर लाल रंगात जागा खुणावलेल्या: घोड्यांचे तबेले, कोंबड्यांचे फार्म, मागच्या वेळी भांडण झालेली शेतं. त्यांच्यावरून जायचंच झालं तर बर्नर बंद ठेवता येईल इतकी उंची आधीच घ्यायची. फाटक होतं तसं लावायचं, आणि मालक भेटल्याशिवाय गाडी आत घालायची नाही. हे सगळे पाळत नाहीत, हेही मला माहीत आहे.

शून्य_अंश
अवांतर: ही भांडणं फुग्याइतकीच जुनी आहेत. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून प्राध्यापक शार्ल यांनी हायड्रोजनचा फुगा सोडला, माणसाविना. तो पाऊण तासाने गोनेस गावाजवळ पडला. गावकऱ्यांना वाटलं आकाशातून राक्षस आलाय. त्यांनी दाताळी घेऊन त्याच्या चिंध्या केल्या.

त्यानंतर महिन्याभरात, १९ सप्टेंबरला, माँगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवले. तिघेही सुखरूप उतरले. माणसं मोकळ्या फुग्यातून गेली ती २१ नोव्हेंबरला, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद.

उंटावरून_शेळ्या
मेंढीला पाठवलं, शेळीला नाही. हा अन्याय मी विसरणार नाही.

घारीची_नजर
फोटोसाठी दोन पैसे माझेही.

विमानात काचेला लेन्स टेकवू नका, इंजिनाचा कंप थेट फोटोत उतरतो. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घरी ठेवा, विमानाची खिडकी प्लास्टिकची असते आणि त्यातून इंद्रधनुषी पट्टे दिसतात. गडद रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत चमकतो. पंख वर असलेलं विमान मागा, खालचं दृश्य मोकळं मिळतं. १७२ ची खिडकी हवेतही उघडता येते, पण पायलटला विचारून, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच.

फुग्यात यातलं काहीच नको, कारण काचच नाही. आणि वाऱ्याबरोबरच चालल्यामुळे वारा लागत नाही. हातातला नकाशासुद्धा फडफडत नाही.

पण दोन्हीकडे खरी गंमत तिरप्या उन्हाची. सूर्य खाली असताना जमिनीचा हातभर उंचवटाही लांब सावली टाकतो. बुजलेले चर, मोडलेले बांध, जुनी वाट, जे शेतात उभं राहून दिसत नाही ते वरून रेघेसारखं उठून दिसतं. पुरातत्त्ववाले हेच वापरतात. स्टोनहेंजचे पहिले हवाई फोटो १९०६ मध्ये लष्कराच्या फुग्यातून काढलेले आहेत. बाबांना हे आधी सांगून ठेवा, ते सावल्याच शोधत बसतील.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवते आहे. मेंढीवर फार हसले. एकच राहिलं, आईच्या गुडघ्याचं कुणी बोललं नाही.

जमिनीवरचा
मीच बोलायला हवं होतं. फुग्यात नेऊ नका.

एक म्हणजे टोपलीला बहुधा दार नसतं. कठड्याला पाय ठेवायला भोकं असतात, त्यात पाय रोवून छातीएवढ्या कठड्यावरून आत जायचं. दुसरं, उतरणं. पाठ जायच्या दिशेला, गुडघे वाकवलेले, हातांत आतल्या दोऱ्या घट्ट, आणि पायलट सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही. वारा नसेल तर खुर्चीत बसावं तसं अलगद टेकतं. असेल तर टोपली आपटते, आडवी होते, काही मीटर फरफटत जाते. बदललेल्या गुडघ्यासाठी हे नाही. बरेच चालक असं सांगितलं तर घेतही नाहीत, आणि न सांगता जाणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

बाबांसाठी: बर्नर डोक्यावर असतो आणि प्रचंड गरजतो. उतरायची सूचना ऐकू येणार नाही. आधीच खूण ठरवा. खांद्यावर दोन थापा म्हणजे गुडघे वाकवा, असं काहीतरी. पायलटलाही सांगून ठेवा.

चिमणी_उडाली
मला तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरतं. फुग्यात काहीच झालं नाही. जमिनीशी जोडणारी भिंत दिसत नाही म्हणून, असं म्हणतात. बर्नर बंद असताना तर खालच्या कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी कुणाला मारलेली हाक, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. विमानात मात्र उलटीची पिशवी लागली.

उजवी_सीट
पिशवी लागली कारण पायलटने घिरट्या घातल्या असणार. खरं ना?

निळाई, विमान ठरवलंत तर हे नीट वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांचा पाया असा: वस्तीवरून जाताना आसपासच्या सर्वात उंच अडथळ्याच्या वर किमान १००० फूट, मोकळ्या माळावर ५०० फूट. देशोदेशी वेगळे नियम असतात, ते पायलटला ठाऊक असतात. मी स्वतः पाहुण्यांना घेऊन १५०० ते २००० फुटांवरून जातो. विहीर दिसते, बैल दिसतो, आणि इंजिन रुसलं तर शेत निवडायला वेळ मिळतो.

ओळखीची जागा आली की सगळे म्हणतात, 'जरा खाली घ्या ना, अजून एक चक्कर, त्या झाडाजवळून!' हे म्हणू नका. खाली, हळू आणि तिरपं वळत असताना पायलटचं लक्ष झाडाकडे गेलं की पंखांची उचल तुटते, आणि सावरायला उंची नसते. अशा हट्टापायी माणसं गेली आहेत. बघायच्या जागा आदल्या दिवशी नकाशावर खुणा करून द्या, चार-पाचच. एका तासात १८०-२०० किलोमीटर होतात, पण खरं बघायचं असेल तर तेवढं लांब जाऊच नका. तीस किलोमीटरच्या आतलं पुरे.

पावसानंतरच्या शांत, निरभ्र पहाटे धुक्याचा धोका. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो) यांत दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर ऊन पडेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. आणि बाबांसाठी आनंदाची गोष्ट: विमानात हेडसेट असतो, आवाज वाढवता येतो. घरी ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येईल.

उंटावरून_शेळ्या
मग काकू तिथे काही बोलणार नाहीत, आणि बाबांना कळणार नाही की हेडसेट बिघडलाय की काकू रुसल्यात.

निळाई
(जवळजवळ तीन महिन्यांनी)

धागा वर काढते आहे, कारण सांगायचं कबूल केलं होतं.

ठरलं होतं असं: बाबा आणि मी फुग्यात, मग दुसऱ्या आठवड्यात आई, बाबा आणि भाऊ विमानात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मला वर जायचंच नाही. मला त्या मागून पळणाऱ्या गाडीत बसायचंय.' हे जमिनीवरचा यांनीच तिच्या डोक्यात घातलं!

दोनदा रद्द झालं. एकदा धुकं, एकदा वरचा वारा. दुसऱ्या वेळी पान हलत नव्हतं, आणि तिरकी_रेघ यांची फार आठवण आली. पण आम्ही शहाण्यासारखे घरी जाऊन झोपलो.

तिसऱ्यांदा गेलो. वारा नेमका उलटा, त्यामुळे आमचं शिवार राहिलं मागे आणि बाबा तासभर कुणा अनोळखी माणसांची शेतं बघत होते. मी हिरमुसले होते, ते अजिबात नाही. 'याने पाट चुकीचा काढलाय', 'हा बांध नंतर घातलाय, बघ सावली कशी तुटलीय', असं चाललं होतं. घारीची_नजर, तुमचंच शिकवणं. उतरताना दोन थापा मारल्या, पठ्ठ्याने गुडघे वाकवले, दोरी धरली. टोपली एकदा आपटली, कलली, थोडी फरफटली. मी किंचाळले, बाबांना ऐकू आलं नाही.

बाहेर येऊन बघते तर आई आधीच शेतमालकाच्या घरी पोचलेली, त्यांच्याशी गप्पा मारून, परवानगी घेऊन, गाडी बांधावरच उभी करून. फाटक तिने स्वतः लावलं.

विमान अजून बाकी आहे. नकाशावर बाबांनी चारऐवजी एकोणीस खुणा केल्यात.

बांधावरची
आईंना माझा नमस्कार कळवा. पुढच्या वेळी आमच्याकडे उतरवा म्हणावं.

उजवी_सीट
एकोणीस?? पायलटला आधीच दाखवा. तो पंधरा खोडेल, त्याच्याशी भांडू नका.

तिरकी_रेघ
अभिनंदन. मी पुढच्या महिन्यासाठी पुन्हा नाव नोंदवलंय. त्याच चालकाकडे. शेळ्या, एक शब्द बोलू नका.

उंटावरून_शेळ्या
.

नवखा_पाहुणा
छान धागा. चष्मा असेल तर फुग्यात चालतो का?

जमिनीवरचा
चालतो. दोरी लावा. मागच्या टोकाला, घट्ट. माझा एक अजून कुणाच्या तरी शेतात आहे.